गावची जत्रा सरकारदरबारी नेताना : पुणे जिल्ह्यातून सांस्कृतिक पर्यटनाचा प्रस्ताव कसा करावा

"आपल्या देवस्थानाला पर्यटनस्थळाचा दर्जा मिळाला पाहिजे" हा विषय ज्याच्या ग्रामसभेत एकदाही निघालेला नाही, असे गाव पुणे जिल्ह्यात विरळाच. विषय निघतो, निवेदन देतानाचा फोटो निघतो आणि पुढच्या वर्षी तोच विषय पुन्हा निघतो. यामागे सरसकट शासनाची उदासीनता असते असे म्हणता येत नाही. योजना आहेत, त्यांसाठी तरतूदही होते. परंतु त्या पर्यटन, पुरातत्त्व, सांस्कृतिक कार्य, ग्रामविकास आणि वन अशा निरनिराळ्या विभागांत विखुरलेल्या असल्यामुळे आपला कागद नेमक्या कोणत्या टेबलावर जायला हवा, हेच गावाला ठाऊक नसते. गेली काही वर्षे अशा प्रस्तावांच्या कागदपत्रांत हातभार लावताना जे शिकायला मिळाले, ते ग्रामपंचायत सदस्य, देवस्थानांचे विश्वस्त, जुन्या वाड्यांचे मालक आणि महिला बचत गट यांच्या उपयोगी पडावे, म्हणून येथे मांडले आहे.

पहिला कागद सातबाऱ्याचा

प्रस्तावाची भाषा, छायाचित्रे, इतिहास हे सारे नंतर येते; सर्वप्रथम ती जागा कोणाची आहे, हे कागदावर सिद्ध करावे लागते. गावातील मंदिर "गावाचे" असते ही भावना खरी असली, तरी महसुली दप्तरात ते देवस्थान इनामात, गावठाणात, गायरानात किंवा वनजमिनीवरही असू शकते. म्हणून सातबारा, गावठाणातील मिळकत असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८, नगर भूमापन झाले असेल तर मिळकत पत्रिका आणि गाव नकाशाची प्रत हे कागद आधी जमा करावेत. मावळातील एका गावाचा प्रस्ताव दीड वर्ष फिरून परत आला, तो केवळ वाहनतळासाठी दाखवलेल्या गटावर वन विभागाचे नाव होते म्हणून. तलाठ्याकडून मिळणाऱ्या एका उताऱ्याने तो वेळ वाचला असता.

मालकीइतकाच महत्त्वाचा प्रश्न संरक्षणाचा आहे. पुणे शहरातच पाहावे. शनिवारवाडा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या ताब्यात आहे; त्याच्यापासून हाकेच्या अंतरावरचा लाल महाल आणि पुढे बाजीराव रस्त्यावरचा विश्रामबागवाडा हे दोन्ही महानगरपालिकेकडे आहेत; आणि गंज पेठेतील महात्मा फुले वाडा हे राज्य संरक्षित स्मारक आहे. अर्ध्या तासाच्या पायपिटीत तीन सरकारे भेटतात. जिल्ह्यातही हीच तऱ्हा आहे. कार्ला, भाजे व बेडसे येथील लेणी, शिवनेरी आणि लोहगड हे केंद्राच्या संरक्षणाखाली येतात, तर राजगड राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आहे. शिवनेरी, लोहगड आणि राजगड हे तिन्ही किल्ले जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत इतर नऊ किल्ल्यांसह एकत्र दाखल झाले; परंतु यादी एक झाली म्हणून परवानगी देणारे कार्यालय एक झालेले नाही, आणि यादीत नाव आल्यामुळे गावाच्या खात्यावर आपोआप निधीही जमा होत नाही. लोहगडवाडी, गुंजवणे, पाली अशा पायथ्याच्या गावांनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी.

केंद्र संरक्षित स्मारक असेल, तर १९५८ च्या प्राचीन स्मारके अधिनियमात २०१० साली झालेली दुरुस्ती वाचल्याशिवाय आराखड्याला हात लावू नये. संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंतचा भाग प्रतिषिद्ध आणि त्यापुढील २०० मीटरचा भाग नियंत्रित असतो. पहिल्या पट्ट्यात नवे बांधकाम होत नाही. दुसऱ्यात राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची परवानगी सक्षम अधिकाऱ्यामार्फत घ्यावी लागते. हे मोजमाप स्मारकाच्या भिंतीपासून नसून संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून होते, आणि डोंगरावर या फरकाने संपूर्ण पायथा नियमाच्या कक्षेत येऊ शकतो. मात्र एक तरतूद बहुतेकांच्या नजरेतून सुटते. या कायद्यातील "बांधकाम" या शब्दाच्या व्याख्येतून सार्वजनिक स्वच्छतागृहे, सांडपाण्याची गटारे आणि लोकांसाठीचा पाणीपुरवठा व वीजपुरवठा यांची कामे वगळलेली आहेत. पर्यटकाला सर्वांत आधी ज्या गोष्टी लागतात, त्यांच्या वाटेत कायदा आडवा येतोच असे नाही. तरी त्या कामांसाठीही पुरातत्त्व कार्यालयाशी लेखी पत्रव्यवहार करूनच पुढे जावे, कारण जागेवर काम थांबवणारा पहारेकरी व्याख्या वाचत बसत नाही.

राज्य संरक्षित स्मारकांसाठी १९६० चा राज्याचा स्वतंत्र कायदा आहे आणि त्यासाठी पुणे विभागाच्या सहायक संचालकांच्या कार्यालयाशी संपर्क साधावा लागतो. वास्तू कोणाच्याच यादीत नसेल, तर मंदिर बहुधा सार्वजनिक न्यासाचे असते. अशा वेळी विश्वस्त मंडळाचा ठराव, धर्मादाय कार्यालयातील नोंदणीचा उतारा आणि मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल जोडावेत. पुण्यातील पेठांतल्या जुन्या वाड्याचा प्रश्न असेल, तर तो महानगरपालिकेच्या वारसा यादीत कोणत्या श्रेणीत आहे, हे पालिकेच्या हेरिटेज कक्षातून तपासून घ्यावे. वाड्याच्या मालकीत भाऊबंदकी असेल, तर आधी ती मिटवावी. त्यावर कोणतीही योजना उपाय सांगत नाही.

कोणत्या दाराशी जायचे

महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ, म्हणजे एमटीडीसी, हे नाव सर्वांच्या तोंडी असल्यामुळे पर्यटनाचा प्रत्येक अर्ज लोक तिकडेच घेऊन जातात. १९७५ मध्ये स्थापन झालेले हे महामंडळ मुख्यत्वे निवासस्थाने चालवते आणि पर्यटनाचा व्यवसाय करते. धोरणांची अंमलबजावणी, नोंदण्या आणि प्रोत्साहने यांचे काम पर्यटन संचालनालयाकडे आहे, आणि त्याच्या पुणे विभागाच्या उपसंचालकांचे कार्यालय पुण्यातच आहे. कलावंत, लोककला आणि महोत्सव यांचे विषय सांस्कृतिक कार्य विभागाकडे जातात. २०२५ मध्ये सार्वजनिक गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा मिळाल्यानंतर शहरातील अनेक मंडळे पर्यटन कार्यालयात चौकशीला गेली. तो विषय सांस्कृतिक कार्य विभागाचा आहे.

गावपातळीवर मात्र खरे दार जिल्हा नियोजन समितीचे असते. पालकमंत्री तिचे अध्यक्ष आणि जिल्हाधिकारी सदस्य-सचिव असतात, आणि जिल्हा पातळीवर दिला जाणारा यात्रास्थळाचा किंवा पर्यटनस्थळाचा "क" वर्गाचा दर्जा तेथेच मिळतो. येथे एक घोळ नेहमी होतो. "क" वर्ग यात्रास्थळ आणि "क" वर्ग पर्यटनस्थळ या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली ग्रामविकास विभागाच्या वाटेने, म्हणजे ग्रामपंचायतीकडून पंचायत समिती व जिल्हा परिषदेमार्फत जाते. दुसरी पर्यटन विभागाच्या निकषांवर तपासली जाते. भाविक प्रामुख्याने येत असतील आणि न्यासाची जत्रा हा मुख्य आधार असेल, तर पहिली वाट धरावी. लेणी, किल्ला, वाडा, कारागिरी किंवा लोककला पाहायला लोक येत असतील, तर दुसरी. दोन्हींकडे एकाच वेळी एकाच कामासाठी अर्ज केल्यास दोन्ही कार्यालये "दुसरीकडे प्रस्तावित" असा शेरा मारून मोकळी होतात.

ठरावापासून मंजुरीपर्यंत

ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होतेच; त्यांपैकी १५ ऑगस्टची सभा या कामासाठी सोयीची, कारण जिल्ह्याच्या पुढील वर्षाच्या आराखड्याची जुळवाजुळव त्यानंतर सुरू होते आणि हिवाळ्यात प्रारूप तयार होते. फेब्रुवारीत पोहोचलेला प्रस्ताव बहुधा एक वर्ष मागे पडतो, कारण त्या सुमारास सारे कार्यालय मार्चअखेरच्या खर्चाच्या धावपळीत असते. ठरावात "गावाचा विकास व्हावा" असे मोघम न लिहिता स्थळाचे नाव, गट क्रमांक, मागितलेला दर्जा, अपेक्षित कामे आणि ती झाल्यावर देखभाल-दुरुस्तीची जबाबदारी ग्रामपंचायत घेईल हे वाक्य, इतके स्पष्ट असावे. सूचक आणि अनुमोदक यांची नावे राहून गेल्यामुळे परत आलेले ठराव मी पाहिले आहेत.

दर्जा मागताना येणाऱ्या लोकांची संख्या सिद्ध करावी लागते, आणि येथे बहुतेक गावे "लाखो भाविक" या शब्दांवर भागवतात. त्याऐवजी पुरावे जोडावेत. जत्रेच्या बंदोबस्तासाठी पोलीस ठाण्याशी झालेला पत्रव्यवहार, एसटीने सोडलेल्या जादा गाड्यांचे पत्र, वाहनतळाच्या पावत्या, आरोग्य पथकाच्या नोंदी, न्यासाच्या लेखापरीक्षणातील देणग्या यांतून संख्येचा विश्वासार्ह अंदाज निघतो. पुरावे नसतील तर यंदाच्या जत्रेत दोन मुले वेशीवर वही घेऊन बसवावीत आणि तासागणिक वाहने मोजावीत. ही साधी वही पुढे फार कामाला येते.

दर्जा मिळाल्यावर कामांची अंदाजपत्रके सार्वजनिक बांधकाम विभागाकडून किंवा जिल्हा परिषदेच्या बांधकाम उपविभागाकडून चालू दरसूचीनुसार करून घ्यावी लागतात. तांत्रिक मान्यता म्हणजे अभियंत्याची संमती आणि प्रशासकीय मान्यता म्हणजे पैसे खर्च करण्याची संमती, हा फरक गावाने समजून घ्यावा, म्हणजे "मंजूर झाले" या शब्दाने फसगत होत नाही. मोठ्या स्थळांसाठी राज्याची प्रादेशिक पर्यटन विकास योजना आहे, आणि केंद्राची स्वदेश दर्शन योजना आता संपूर्ण गंतव्यस्थानाचा विचार करते. परंतु पहिल्यांदा प्रस्ताव करणाऱ्या गावाने त्या उंचीवर उडी मारू नये.

काय मागावे, काय मागू नये

माझ्या मते सर्वांत जास्त चुका येथेच होतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. बहुतेक प्रस्तावांत पहिली मागणी प्रवेश कमानीची असते, दुसरी पेव्हिंग ब्लॉकची आणि तिसरी "सुशोभीकरणाची". या तिन्हींमुळे कोणी पर्यटक एक तास जास्त थांबल्याचे मला आठवत नाही. उलट जुन्या दगडी फरसबंदीवर ब्लॉक बसवल्याने, दीपमाळेला ऑइल पेंट फासल्याने आणि मंडपाला टाइल्स लावल्याने ज्यासाठी माणूस येतो तीच गोष्ट झाकली जाते. त्याऐवजी महिलांसाठी पाण्याची सोय असलेले स्वच्छतागृह, सावली, पिण्याचे पाणी, वाहनतळ, कचरा गोळा करण्याची व्यवस्था आणि मराठीत नेमका इतिहास सांगणारा एक फलक मागावा. वास्तूची दुरुस्ती करायचीच असेल, तर संवर्धन वास्तुविशारदाकडून अहवाल घ्यावा. राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे अशा वास्तुविशारदांची नामिकासूची असते. चुन्याच्या कामावर सिमेंट चढवले की ओल आत अडकते आणि दगड फुगतो, हे गवंड्याला सांगूनही पटत नाही. अंदाजपत्रकातच चुना लिहिलेला असला की पटते.

दुसरी गोष्ट माणसांची. या निधीतून होणारी कामे बांधकाम स्वरूपाची असल्यामुळे प्रस्तावात जागा येते आणि जागेला जिवंत ठेवणारी माणसे बाहेर राहतात. वाघ्या-मुरळी, पोतराज, गोंधळी, लेझीमचे खेळाडू, सनई-चौघडा वाजवणारे, पालखीचे भोई, तमाशाचे फड यांच्याशिवाय पुणे जिल्ह्याच्या जत्रा म्हणजे नुसती गर्दी आहे. नारायणगावचेच पाहावे. गुढीपाडव्याच्या सुमारास तेथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच येऊन आपल्या जत्रेची सुपारी ठरवतात. सांस्कृतिक पर्यटनाचा यापेक्षा अस्सल नमुना शोधून सापडायचा नाही, आणि तो कोणत्याही योजनेने उभा केलेला नाही. जुन्नर तालुक्याला २०१८ मध्ये पर्यटन तालुक्याचा दर्जा मिळाला, शिवजयंतीला पर्यटन विभाग तेथे हिंदवी स्वराज्य महोत्सव भरवू लागला, आणि आता शिवनेरी जागतिक वारशात गेला. या तिन्हींचा लाभ राहुटीतल्या कलावंतापर्यंत पोहोचवायचा असेल, तर तो प्रस्तावात लिहून मागावा लागेल.

त्यासाठी प्रस्तावासोबत "कलावंतांची सूची" हे स्वतंत्र परिशिष्ट जोडावे आणि त्यात कला, गाव, वय, साथीदारांची संख्या आणि नेहमीचे मानधन यांची नोंद करावी. बांधकामाच्या निधीतून मानधन मिळत नाही. म्हणून सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या लोककला अनुदान योजना, नागपूरच्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचे कार्यक्रम आणि न्यासाचे स्वतःचे अंदाजपत्रक या तीन ठिकाणी वेगळी पत्रे पाठवावीत. वृद्ध कलावंतांसाठी राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजना आहे आणि २०२४ पासून तिचे मानधन दरमहा ५००० रुपये झाले आहे. सूची करतानाच त्यांचे अर्ज भरून घेतल्यास एका फेरीत दोन कामे होतात.

लोकांना सामील करून घेतल्याने काय होते, याचे शेजारच्या सातारा जिल्ह्यातील उदाहरण सांगण्याजोगे आहे. महाबळेश्वर-पाचगणी मार्गावरच्या भिलार येथे मे २०१७ मध्ये राज्य शासनाने पुस्तकांचे गाव सुरू केले, तेव्हा त्यासाठी एक मोठी इमारत न बांधता सुमारे २५ ठिकाणी, म्हणजे लोकांच्या घरांत, मंदिरात, शाळेत पुस्तके ठेवली. त्यामुळे वाचायला आलेला माणूस कोणाच्या तरी ओसरीवर बसतो, चहा घेतो आणि जमले तर मुक्कामही करतो.

घर, शेत आणि बचत गट

मुक्कामाची सोय गावातच झाली तर पैसा गावात राहतो. केंद्राच्या न्याहारी-निवास योजनेत मालक स्वतः राहत असलेल्या घरातील १ ते ६ खोल्यांची नोंदणी होते आणि सोयींनुसार सुवर्ण किंवा रौप्य श्रेणी मिळते. सदाशिव किंवा शनिवार पेठेतल्या वाड्यातही ते शक्य आहे, अर्थात मालक वाड्यात राहत असेल तरच. परदेशी पाहुणा उतरल्यास २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन भरावी लागते. ती भरण्याचा कंटाळा करू नये. शेतकऱ्यांसाठी राज्याचे २०२० चे कृषी पर्यटन धोरण आहे. किमान एक एकर शेती असल्यास पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते. हुरड्याच्या हंगामापुरते केंद्र चालवणाऱ्यांनीही ही नोंदणी करावी, कारण बँकेच्या दारात प्रमाणपत्राची विचारणा होते.

बचत गटातील महिलांनी २०२३ च्या "आई" या महिलाकेंद्रित पर्यटन धोरणाचा शासन निर्णय मिळवून वाचावा. महिलेच्या मालकीच्या पर्यटन व्यवसायासाठी घेतलेल्या १५ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जावरील व्याजाचा परतावा १२ टक्क्यांच्या मर्यादेत मिळतो, आणि तो ७ वर्षे किंवा एकूण साडेचार लाख रुपये, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तेथे थांबतो. परतावा म्हणजे हप्ता आधी आपण भरायचा आणि व्याज नंतर मिळवायचे. हा क्रम घरच्यांना सुरुवातीलाच समजावून सांगावा, नाहीतर तिसऱ्या महिन्यात वाद होतात.

प्रसिद्धी आणि गर्दी

प्रसिद्धीसाठी फारसा खर्च लागत नाही. आपल्या जत्रा तिथीवर चालतात आणि पर्यटक तारखेवर चालतो. म्हणून पुढील वर्षाचे पंचांग हाती येताच जत्रेची इंग्रजी तारीख, दोन परिच्छेदांची माहिती आणि चार चांगली छायाचित्रे पर्यटन संचालनालय व महामंडळ या दोघांना पाठवून ठेवावीत. गावातील दोन तरुणांनी केंद्र सरकारचे ऑनलाइन पर्यटक सुविधादाता प्रशिक्षण पूर्ण करावे. दंतकथा आणि इतिहास यांतील फरक ज्याला सांगता येतो, त्याच्याकडे माणसे दुसऱ्यांदा येतात.

गर्दी वाढवण्याआधी गर्दीचा आराखडा मात्र हवाच. जानेवारी २००५ मध्ये वाईजवळच्या मांढरदेवी यात्रेतील चेंगराचेंगरीत शेकडो माणसे मृत्युमुखी पडली. येण्याची व जाण्याची वाट वेगळी आहे का, पायऱ्यांवर दुकाने आहेत का, रुग्णवाहिका कोठे उभी राहील, नारळ फोडण्याची जागा वाटेवर आहे का, हे प्रश्न स्थानिक पोलीस निरीक्षक आणि तहसीलदार यांच्यासोबत जागेवर उभे राहून सोडवावेत आणि तो आराखडा प्रस्तावाला जोडावा.

फाइलचा पाठपुरावा

अर्ज देताना आवक शिक्क्याची पोहोच घ्यावी आणि नंतरच्या प्रत्येक पत्रात तोच क्रमांक लिहावा. महिन्यातून एकदा प्रत्यक्ष जावे आणि फाइल कोणाकडे आहे, एवढेच नम्रपणे विचारावे. उत्तर मिळत नसेल तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली "प्रस्तावावर आजवर झालेल्या कार्यवाहीच्या टिप्पण्यांच्या प्रती" मागाव्यात. ३० दिवसांत त्या मिळाल्या पाहिजेत, आणि त्रुटी कोणती आहे हे त्यांत बहुधा स्पष्ट लिहिलेले असते. काम पूर्ण झाल्यावर निधी ठरल्या कामावरच खर्च झाल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र आणि आधीची-नंतरची छायाचित्रे वेळेत पाठवावीत, कारण ती न पाठवणाऱ्या गावाचा पुढचा हप्ता अडकतो.

सरपंचाची मुदत पाच वर्षांची असते आणि असे प्रस्ताव पुष्कळदा त्याहून जास्त काळ चालतात. म्हणून संपूर्ण फाइलचे तीन संच करावेत : एक ग्रामपंचायतीत, एक न्यासाच्या कपाटात आणि एक शाळेच्या मुख्याध्यापकांकडे. जत्रेतील वाहनांची ती वहीही त्यांतच ठेवावी आणि दरवर्षी पुढे चालू ठेवावी.